टॅरोसोबत वापरल्या जाणाऱ्या ‘लेनोर्मां’ कार्ड्सना हे नाव कसं मिळालं?

टॅरोच्या डेकमध्ये ७८ पत्ते असतात. ऑरेकल कार्ड्सना असा ठरलेला आकडा नसतो. अनेक रीडर आधी टॅरो मांडतात आणि शेवटी ऑरेकलचं एखादं कार्ड काढतात. काही जण टॅरोसोबत ३६ पत्त्यांचा ‘लेनोर्मां’ डेकही वापरतात. पण ज्यांचं नाव त्यावर आहे, त्यांनी तो बनवलाच नव्हता.

मारी ॲन लेनोर्मां यांचा जन्म १७७२ मध्ये फ्रान्सच्या आलाँसाँ शहरात झाला. राज्यक्रांतीनंतर उद्या काय होईल, याची कुणालाच खात्री नव्हती. त्या काळात पॅरिसमध्ये भविष्य सांगून त्यांनी नाव कमावलं. नेपोलियनची पत्नी जोसेफिनही त्यांचा सल्ला घ्यायची. १८०९ मध्ये पोलिसांनी त्यांना अटक केली. पुढे १८१४ मध्ये त्याच अनुभवावर त्यांनी पुस्तक काढलं आणि प्रसिद्धी आणखी वाढली.

१८४३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर प्रकाशकांनी त्यांच्या नावाने डेक बाजारात आणले. ३६ पत्त्यांचा डेक तर मुळात एक खेळ होता. १७९९ च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेनबर्गमध्ये योहान हेख्टेल यांनी तयार केलेला, फासे टाकून खेळायचा.

पत्ते हेख्टेल यांचे, नाव मात्र लेनोर्मां यांचं. आजही डेक विकला जातो तो त्या नावावरच.