रोलर ओढणारा बॉलर

'लगान' आपल्या हॉस्टेलवर कितीदा लागला असेल, देव जाणे! त्यातला हात वाकडा असलेला स्पिनर कचरा सगळ्यांना माहीत आहे. पण खराखुरा दलित स्पिनर, पाळवणकर बाळू, किती जणांना ठाऊक आहे? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. तिथे रणजी कळले, बाळू नाही कळले. म्हणून हा लेख.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा, चर्मकार कुटुंबात. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. एका पारशी क्लबात पिच झाडायचं, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे नेट लावता लावता साहेबांना बॉलिंग टाकायचं काम मिळालं. ग्रेग नावाचा नामी बॅट्समन इतरांच्या आधी येऊन त्यांच्यासमोर प्रॅक्टिस करायचा. बाळूंनी हजारो बॉल टाकले. बॅटिंग मात्र साहेबांची. डावखुरी स्लो बॉलिंग अशी घडली, कोच नाही की अकॅडमी नाही.

पुण्याच्या हिंदू टीमला बाळू हवे होते, पण त्यांची जात नको होती. शेवटी जिंकायची हौस वरचढ ठरली. मैदानात बॉल सगळ्यांनी एकच हाताळायचा, चहा मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. पुढे आपल्याच जिल्ह्यात, महाडला १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. प्रश्न तोच होता.

प्लेगच्या काळात ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन टीमला १०९ रन्सनी हरवलं, त्यात बाळूंच्या ८ विकेट्स! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपली टीम बहुतेक मॅचेस हरली, पण पस्तिशीतल्या बाळूंनी शंभराहून जास्त विकेट्स काढल्या. उमेदीची वर्षं तर आधीच रोलर ओढण्यात गेली होती.

एवढं करून कॅप्टनशिप? नाही. १९२० साली बाळूंना वगळलं आणि कॅप्टन निवडताना भाऊ विठ्ठल यांनाही डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम टीममधून बाहेर पडले. मग जिमखाना नमला, बाळू व्हाइस-कॅप्टन झाले. १९२३ साली विठ्ठल कॅप्टन झाले. अमेरिकेत बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन १९४७ साली उतरला, हे इथे आठवतं.

बाळू पुढे राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली काँग्रेसतर्फे ते चक्क बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. हिरो म्हटला की सगळं आपल्या मनासारखं करेल असं नसतं. १९५५ साली ते वारले.

मित्रांनो, टॅलेंट असलं की बाकी सगळं आपोआप होतं, असं आपण सहज बोलून जातो. टॅलेंटने बाळूंना मैदानात नेलं. पॅव्हेलियनचं दार मात्र त्याने उघडलं नाही. त्यासाठी दोन भावांना खेळायला नकार द्यावा लागला. बरं, आपल्या ग्राउंडवर रोज पाणी मारणाऱ्या काकांना आपण कधी बॉलिंग टाकायला बोलावलंय का?