रिचर्डसन : हवेचा आणि तळ्याचा गणिती

आमच्या नारायण पेठेत नळाला येते ते खडकवासल्याचे पाणी. खोल तळे वरून स्थिर दिसले, तरी आत उन्हाने तापलेले हलके पाणी वर आणि गार, जड पाणी तळाशी असे थर पडतात. वारा वरच्या थराला ढकलतो. थर मिसळले नाहीत, तर तळाला प्राणवायू पोचत नाही. अमेरिकेतील अवाढव्य सरोवरांचे हे गणित आज संगणक करतो. पाण्याचे काल्पनिक ठोकळे पाडून प्रत्येकाचे तापमान आणि प्रवाह तो टप्प्याटप्प्याने मोजत जातो. हीच रीत लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हवेसाठी हाताने वापरली होती.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडातील न्यूकॅसल येथे झाला. वडिलांचा धंदा कातडी कमावण्याचा, पंथ क्वेकर. म्हणजे युद्ध वर्ज्य. केंब्रिजला शिकून ते हवामानखात्यात लागले. महायुद्ध पेटले तेव्हा त्यांनी बंदूक धरली नाही. १९१६ साली नोकरी सोडून ते फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवू लागले. विश्रांतीच्या वेळात, गवताच्या ढिगावर बसून, २० मे १९१० या एका दिवसाच्या हवेचे गणित त्यांनी मांडले. सहा तासांच्या अंदाजाला सुमारे सहा आठवडे लागले! १९१७ च्या लढाईत हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

उत्तर मात्र साफ चुकले. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबार चढेल असे निघाले. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. मूळ नोंदींतील वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता. रीत खरी होती. ते चुकलेले उत्तर त्यांनी १९२२ च्या ग्रंथात जसेच्या तसे छापले. मला त्यांचा हा मोठेपणा गणिताहून अधिक वाटतो.

थरांची स्थिरता आणि प्रवाहांची ओढ यांची तुलना करणारा अंक आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तळ्यातले थर केव्हा मिसळू लागतील, याची अटकळ त्यावरून बांधतात.

१९२० मध्ये हवामानखाते विमानदळाच्या मंत्रालयाकडे गेले. युद्धानंतर पुन्हा त्या खात्यात आलेल्या रिचर्डसननी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. पुढे त्यांच्या संशोधनात विषारी वायू बनवणाऱ्यांना रस आहे असे कळताच त्यांनी अप्रकाशित टिपणे नष्ट केली. पन्नाशीकडे झुकल्यावर, १९२९ साली, ते मानसशास्त्राचे पदवीधर झाले. (परीक्षेला घाबरणाऱ्या आम्ही हे ध्यानात घ्यावे!) मग युद्धे का होतात याचेच गणित ते करीत राहिले.

१९५० साली अमेरिकेत एनिॲक या यंत्राने चोवीस तासांचा अंदाज सुमारे चोवीस तासांत काढला. रिचर्डसननी त्या मंडळींचे अभिनंदन केले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी ते वारले.