दाढीआडचा सम्राट

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात टिशियनने १५४८ साली रंगवलेले एक भव्य चित्र आहे. अंगात चिलखत, हाती भाला, घोड्यावर स्वार झालेला सम्राट पाचवा चार्ल्स. पाहणाऱ्याची नजर मात्र हळूच त्याच्या दाढीवर जाते. त्या दाढीआड एका माणसाचे आयुष्यभराचे दुःख दडलेले आहे.

चार्ल्सचा जन्म १५०० साली घेंट येथे झाला. सोळाव्या वर्षी स्पेनचे राज्य आणि एकोणिसाव्या वर्षी सम्राटपद त्याच्याकडे चालत आले. पुढे मेक्सिको आणि पेरूही त्याच्या अमलाखाली आले. पण या राजाचे तोंड नीट मिटत नसे. वरचा जबडा खुजा व मागे राहिलेला, खालचा पुढे आलेला. तरुण राजा स्पेनमध्ये आला तेव्हा, इथल्या माश्या फार धीट आहेत, तोंड मिटून घ्या, असे एका खेडुताने त्याला सुचवले, अशी आख्यायिका आहे. दातांवर दात बसत नसल्याने घास चावला जात नसे, पचन बिघडे, बोलताना शब्दांचा शेवट अस्पष्ट होई. जेवायला तो बहुधा एकटाच बसे.

हे व्यंग घराण्याचे होते आणि लग्ने घरातल्या घरातच होत राहिली. १५२६ साली चार्ल्सने सख्ख्या मावसबहिणीशी, पोर्तुगालच्या इसाबेलाशी लग्न केले. संसार सुखाचा झाला. १५३९ साली ती गेल्यावर त्याने दुसरा विवाह केला नाही. पण मुलगा दुसरा फिलिप आणि पणतू चौथा फिलिप या दोघांनी आपापल्या सख्ख्या भाचीशी लग्न केले. खापरपणतू दुसरा चार्ल्स १७०० साली निपुत्रिक वारला आणि स्पेनमधली ही शाखा संपली. २०१९ साली स्पॅनिश संशोधकांनी जबड्याच्या दहा शल्यविशारदांकडून या घराण्याची ६६ चित्रे तपासून घेतली. खुज्या वरच्या जबड्याच्या ठळक उदाहरणांत पाचवा चार्ल्स होता.

१५५५ साली त्याने ब्रुसेल्सच्या दरबारात राज्यत्यागाची घोषणा केली. संधिवाताने जर्जर झालेला हा सम्राट युस्तेच्या मठाशेजारी जाऊन राहिला आणि १५५८ साली मलेरियाने वारला.

आज अशा प्रौढ रुग्णावर शस्त्रक्रिया करता येते. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर, बहुधा आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा बांधून, वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर आडवा कापतात, पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी पक्का करतात. छेद ओठाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. फ्रेंच शल्यविशारद रने ल फोर यांनी १९०१ साली जबड्याच्या अस्थिभंगाच्या रेषा दाखवून दिल्या. हा छेद त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सूज, ओठांचा बधिरपणा, काही आठवडे पातळ अन्न, हे सारे सोसावे लागते. म्हणून निर्णय विचारपूर्वकच घ्यावा. पण हा केवळ रूपाचा प्रश्न नाही. घास चावता येणे आणि स्पष्ट बोलता येणे, यासाठीही तो असतो.

आपल्या घरात कुणी हसताना तोंडावर हात धरत असेल, तर नशिबाला बोल लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सम्राटाला निदान दाढीचा आडोसा होता. लेकीला तोही नसतो.