पंधराव्या वर्षी वाचायला शिकलेला प्राध्यापक



तुमच्या घरातले मूल संध्याकाळी इंग्रजीचे पुस्तक मोठ्याने वाचत असेल, तर कधीतरी त्यात ऑक्सफर्ड शहराचा धडा येतो. जुने दगडी मनोरे, १६०२ साली उघडलेले बोडलियन ग्रंथालय, रॅडक्लिफ कॅमेरा नावाची मोठ्या घुमटाची गोल इमारत, काळे झगे घातलेले प्राध्यापक. मूल कठीण शब्दांचे अर्थ वहीत उतरवते आणि पुस्तक मिटते. शेजारी बसलेल्या आईबापांना मात्र वाटते, ही नगरी मोठ्या घरच्या मुलांची. तिच्याशी आपला काय संबंध?

आज त्याच शहरातल्या एका प्राध्यापकाची जीवनकथा तुम्हाला सांगावयाची आहे. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. त्याचे नाव जोसेफ राइट.

जोसेफचा जन्म ३१ ऑक्टोबर १८५५ रोजी उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहराजवळ इडल नावाचे गाव आहे. तेथील थॅकली ही त्याची जन्मवस्ती. इडल या शब्दाचा इंग्रजीत अर्थ आळशी असा होतो. पण या गावच्या मुलाच्या नशिबी आळस नव्हता. बाप विणकर होता, दगडाच्या खाणीतही राबत असे. त्याचा घराला फारसा आधार नव्हता. संसाराचा गाडा आईनेच ओढला. सहाव्या वर्षी जोसेफ खाणीवर कामाला लागला. दगड फोडण्याची हत्यारे बोथट झाली की ती गाढवाच्या गाडीत घालून लोहाराकडे न्यायची आणि धार लावून परत आणायची, हे त्याचे काम.

सातव्या वर्षी तो गिरणीत गेला. ती गिरणी सॉल्टेर येथील. टायटस सॉल्ट नावाच्या मालकाने एअर नदीच्या काठी ही प्रचंड गिरणी बांधली आणि १८५३ साली ती सुरू झाली. मालकाचे आडनाव आणि नदीचे नाव जोडून गावाचे नाव झाले. कामगारांसाठी दगडी घरे, शाळा, प्रार्थनामंदिर, दवाखाना हे सारे सॉल्टने बांधले. दारूच्या गुत्त्याला मात्र गावात जागा दिली नाही. २००१ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारसास्थळ ठरविले. आज प्रवासी तेथे चित्रे पाहावयास जातात. पण तुम्ही त्या गावाचा धडा वाचाल तेव्हा इमारतीबरोबर तिच्या आत राबलेली लहान मुलेही आठवा. जोसेफ तेथे डॉफर होता. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईच्या गिरण्यांत काम केले त्यांना हा शब्द ठाऊक असेल. सूत भरलेल्या बाबिनी काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या. त्या काळच्या कायद्याप्रमाणे अशी मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत असत. थकलेल्या मुलाच्या डोक्यात त्या अर्ध्या दिवसात काय शिरणार? अक्षरओळख झाली न झाली, एवढ्यावरच जोसेफची शाळा संपली. पुढे तो दुसऱ्या गिरणीत लोकर निवडण्याच्या कामाला लागला.

१८७० साल आले. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले होते. जेवणाच्या सुट्टीत एखादा कामगार वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. जोसेफ ऐकणाऱ्यांत असे. जगात एवढे घडते आहे आणि ते कळण्यासाठी आपल्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, ही गोष्ट त्याला सलली. याच वर्षी इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा झाला आणि तो मांडणारे मंत्री फॉर्स्टर हे ब्रॅडफर्डचेच प्रतिनिधी होते. पण कायद्याने उघडलेल्या शाळा लहान मुलांसाठी होत्या. पंधरा वर्षांच्या कामगाराला त्यांचा काय उपयोग? जोसेफने कोणाची वाट पाहिली नाही. बायबल आणि जॉन बन्यन या कल्हईवाल्याने लिहिलेले पिलग्रिम्स प्रोग्रेस ही दोन पुस्तके घेऊन तो स्वतःच वाचावयास शिकला.

बंधूंनो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या १८५५ साली जोसेफ जन्मला त्याच साली महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. श्रम करणाऱ्या माणसाला दिवस आपला नसतो. त्याच्या वाट्याला रात्र तेवढी उरते, हे जोतीरावांनी ओळखले होते. जोसेफही रात्रशाळेत जाऊ लागला. फ्रेंच, जर्मन, लॅटिन, गणित, लघुलेखन जे मिळेल ते तो शिकला. एवढेच नव्हे, अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याने आपल्या घरातच रात्रीचा वर्ग काढला आणि सोबतच्या कामगारांना आठवड्याला दोन पेन्स घेऊन शिकवू लागला. आपल्याला चार अक्षरे आली की ती शेजाऱ्याला द्यावीत, ही बुद्धी त्याला पदवीच्या आधी सुचली होती.

१८७६ साली त्याच्याजवळ चाळीस पौंड साठले. गिरणीच्या मजुरीतून एकेक पेनी बाजूला टाकून जमलेली ती पुंजी. तेवढ्यावर तो जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात शिकावयास निघाला. बोटीने अँटवर्पला उतरल्यावर पुढच्या गाडीभाड्याचे पैसे वाचावेत म्हणून शेकडो मैलांची वाट त्याने पायी तुडवली. पैसे संपल्यावर तो मायदेशी परतला, शाळामास्तरकी केली, पुन्हा पैसा साठवला आणि १८८२ साली पुन्हा हायडेलबर्ग गाठले. १८८५ साली ग्रीक भाषेतील स्वरांवर प्रबंध लिहून जोसेफ राइट डॉक्टर झाले. वाचावयास शिकल्याला तेव्हा पंधराच वर्षे झाली होती.

ऑक्सफर्डमध्ये ते विद्यार्थी म्हणून कधीच गेले नव्हते. त्या विद्यापीठाची दारे कित्येक शतके सर्वांना उघडी नव्हती. इंग्लंडच्या राजमान्य चर्चची मते मान्य केल्याखेरीज तेथे पदवी मिळत नसे. १८५४ नंतर ही अट सैल होत गेली आणि १८७१ च्या कायद्याने बहुतेक सुटली. १८८८ साली राइट तेथे शिक्षक म्हणून गेले. त्यांना आणणारे होते पंडित मॅक्स म्युलर. धम्मपदाचे मॅक्स म्युलर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८८१ साली ऑक्सफर्डहूनच प्रसिद्ध झाले होते, म्हणून हे नाव आपल्याला परके नाही. राइट आधी उच्च शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांना शिकवीत. १९०० साली मॅक्स म्युलर वारले आणि १९०१ साली तौलनिक भाषाशास्त्राच्या प्राध्यापकपदावर गिरणीतला हा डॉफर बसला.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कार्याकडे वळू. शिकून मोठा झालेला माणूस पुष्कळदा पहिली गोष्ट टाकून देतो ती म्हणजे आपल्या आईची बोली. राइट यांनी तसे केले नाही. यॉर्कशरचा हेल त्यांच्या बोलण्यात अखेरपर्यंत राहिला. १८९२ साली त्यांनी विंडहिल या आपल्याच भागातील बोलीचे व्याकरण लिहिले. ज्या बोलीला शिकलेले लोक अडाण्यांची भाषा म्हणत, तिलाही नियम आहेत, इतिहास आहे, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. नंतर इंग्लंडभरच्या शेतकरी, खाणकामगार, विणकर यांच्या तोंडचे शब्द गोळा करून त्यांनी इंग्रजी बोलींचा कोश रचला. शेकडो लोकांनी गावोगावचे शब्द लिहून पाठविले. असा कोश खपेल की नाही याची खात्री नसल्याने राइट यांनी स्वतःची शिल्लक त्यात घातली आणि वर्गणीदार जमविले. १८९८ ते १९०५ या काळात त्याचे सहा खंड निघाले. त्यात सुमारे सत्तर हजार शब्द आहेत.

भगवान बुद्धांनीही आपला उपदेश वेदांच्या छंदस् भाषेत बांधू दिला नाही. लोकांनी तो आपापल्या बोलीत शिकावा असे सांगितले, ही विनयपिटकातील गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राइट बौद्ध नव्हते. त्यांच्यावर मेथॉडिस्ट पंथाचे संस्कार होते. पण सामान्य माणसाच्या बोलीला तुच्छ मानू नये, हे त्यांनी आपल्या श्रमाने पटवून दिले.

या कामात त्यांना साथ मिळाली ती पत्नी एलिझाबेथ मेरी ली यांची. त्या आधी त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. १८९६ साली विवाह झाला आणि दोघांनी मिळून व्याकरणाचे ग्रंथ लिहिले. त्यांना दोन मुले झाली, पण दोन्ही बालपणीच गेली. एक गोष्ट लपवू नये. स्त्रियांनी विद्यापीठात शिकावे असे मानणारे राइट, विद्यापीठाच्या कारभारात मात्र त्यांना मत असू नये असे म्हणत. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या दिल्या त्या १९२० साली. थोर माणसाचेही चुकलेले चूक म्हणावे, हेच आपण शिकलो आहोत.

त्यांच्या आईची एक आठवण सांगतात. ती ऑक्सफर्डला आली तेव्हा लेकाने तिला १४३८ साली स्थापन झालेले ऑल सोल्स कॉलेज दाखविले. ती भव्य वास्तू पाहून म्हातारीच्या मनात आले, येथे को-ऑपचे दुकान किती छान चालेल! को-ऑप म्हणजे कामगारांनी वर्गणी काढून चालविलेला सहकारी भांडार. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी अशा एका भांडाराचा पाया घातला. गरिबाला तेथे भेसळ नसलेले पीठ रास्त भावात मिळे. ज्या बाईने पीठमिठाची काळजी करीत मुले वाढविली, तिला त्या इमारतीचा दुसरा कोणता उपयोग सुचणार? तुम्ही हसू नका. राइटही आईची लाज बाळगणारे नव्हते. ऑक्सफर्डमधील आपल्या घराला त्यांनी थॅकली हेच नाव दिले होते.

राइट यांच्या हाताखाली शिकलेल्यांत लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणारे टॉल्किन हे एक होते. १९२५ साली राइट निवृत्त झाले आणि २७ फेब्रुवारी १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

बंधु-भगिनींनो, ही कथा दोन कारणांसाठी सांगितली. तुमच्यापैकी कित्येकांना लहानपणी शाळा मिळाली नाही. आता वय झाले, आता काय शिकायचे, असे म्हणून तुम्ही अंगठा पुढे करता. तसे करू नका. आज रात्री मूल धडा वाचावयास बसले की त्याच्या शेजारी बसा आणि अक्षर कोणते ते त्यालाच विचारा. त्यात कमीपणा नाही.

दुसरे, तुमचे मूल वर्गात घरच्यासारखे बोलले आणि कोणी हसले, तर त्याला जोसेफ राइटची गोष्ट सांगा. त्याने पुस्तकी मराठी शिकावी, इंग्रजीही उत्तम शिकावी. पण आजीशी आजीच्याच बोलीत बोलावे. आजीच्या तोंडचे असे शब्द, की जे पुस्तकात सापडत नाहीत, ते त्याला एका वहीत लिहून ठेवावयास सांगा. गिरणीतल्या एका मुलाने पुढे हेच काम केले आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथालयाला ते सहा खंड आपल्या कपाटात मानाने ठेवावे लागले.