बारामती-इंदापूरची जमीन पांढरी का पडली? उत्तर शोधणाऱ्या केमिस्टची गोष्ट

बारामतीहून इंदापूरकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. नीरा डाव्या कालव्याची ही कृपा. पण नीट बघितलं, तर या हिरव्या पट्ट्यात मध्येच एखादं शेत असं दिसतं, जिथं काहीच उगवलेलं नाही. वर पांढरा थर, कुठं काळपट ओल, कडेला वेड्या बाभळी. गावातली माणसं त्या जमिनीला खारवट म्हणतात, चोपण म्हणतात.

ही जमीन नापीक जन्माला आलेली नाही. तिला पाणी मिळालं आणि ती बिघडली.

असं का होतं, याचा शोध घ्यायला शंभरहून जास्त वर्षांपूर्वी एक केमिस्ट नीरा खोऱ्यात आला होता. त्यांचं नाव डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन. शेतीशास्त्र आणि ग्रामीण अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव माहीत असतं. पण ज्या तालुक्यांच्या मातीवर त्यांनी काम केलं, तिथं ते फारसं कुणाच्या तोंडी नाही.

चहाच्या मळ्यातून पुण्यात

डॉ. मॅन यांचा जन्म १८७२ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. लीड्सला रसायनशास्त्र शिकले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ काम केलं. १९०० साली ते भारतात आले ते इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रज्ञ म्हणून. चहाच्या झाडावरची कीड, रोग, मळ्यांची माती हे त्यांचे विषय. सर जॉर्ज वॅट यांच्यासोबत त्यांनी चहावरच्या कीड-रोगांवर लिहिलेलं पुस्तक १९०३ मध्ये आलं.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चहामळ्यांच्या मालकांकडे पैसा होता आणि संघटना होती. त्यामुळं त्यांना आपल्या कामासाठी केमिस्ट नेमता आला. माती तपासायची, खत ठरवायचं, रोग ओळखायचा, सगळं त्यांच्या दारात.

दख्खनच्या शेतकऱ्याकडं यातलं काहीच नव्हतं. चार-पाच एकरवाला माणूस केमिस्ट कुठून आणणार? त्याच्यासाठी पैसा सरकारी तिजोरीतूनच यावा लागणार होता.

तो आला १९०५ मध्ये. लॉर्ड कर्झनच्या काळात भारत सरकारनं शेतीचं संशोधन, प्रयोग, प्रात्यक्षिकं आणि शिक्षण यासाठी दरवर्षी २० लाख रुपये बाजूला काढायचं ठरवलं. बिहारमध्ये पुसा इथं मोठी संशोधन संस्था उभी राहिली. तिच्यासाठी हेन्री फिप्स या अमेरिकन उद्योगपतीनं दिलेल्या ३० हजार पौंडांच्या देणगीतला मोठा वाटा वापरला गेला. प्रांतांनीही शेती कॉलेजं काढली.

पुण्यात शेतीचं शिक्षण आधी कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये दिलं जायचं. आता त्याचं वेगळं कॉलेज झालं आणि १९०७ मध्ये डॉ. मॅन तिथं प्रिन्सिपल म्हणून रुजू झाले.

कालवा आला, ऊस आला, मीठही आलं

१८७६-७८ च्या दुष्काळानं दख्खन होरपळून निघालं होतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा काढला गेला. भोरजवळच्या भाटघर धरणाचं पाणी नीरेतून वीरला यायचं आणि तिथून कालव्यानं पुरंदर, बारामती, इंदापूरच्या शिवारात जायचं.

कालवा बांधला होता दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. पण बारमाही पाणी मिळतंय म्हटल्यावर शेतकरी उसाकडं वळला. तेव्हा या भागात साखर कारखाने नव्हते, उसाचा गूळ व्हायचा. चार पैसे हातात यायला लागले.

मग काही वर्षांनी शेतं पांढरी पडायला लागली.

डॉ. मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास केला. १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यानं तो पुस्तिका म्हणून छापला. कालव्याच्या पाण्यानं दख्खनची जमीन कशी बिघडते, यावरच्या सुरुवातीच्या शास्त्रीय कामांपैकी हे एक.

यामागचं रसायनशास्त्र काय, ते सोप्या भाषेत बघू.

दख्खनचा काळा पाषाण झिजून आपली काळी माती झाली. पाषाण झिजताना त्यातून सोडियम, कॅल्शियम असे घटक सुटतात आणि त्यांचे क्षार मातीत राहतात. कोरडवाहू शेतीत हे क्षार खाली पडून असतात, त्यांचा त्रास होत नाही.

शेताला भरमसाट पाणी दिलं की ते खाली मुरतं. काळ्या मातीतून निचरा सावकाश होतो. वर्षानुवर्षं असं झालं की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते. ती पृष्ठभागापासून काही फुटांवर आली की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं. उन्हानं पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार वरच राहतात. तोच तो पांढरा थर.

पुढची पायरी याहून वाईट. सोडियम वाढला की तो मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियमची जागा घेतो. माती घट्ट होते, पाणी आत जात नाही, हवा खेळत नाही. हीच चोपण जमीन. अशा जमिनीला जास्त पाणी देऊन भागत नाही, उलट दुखणं वाढतं.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे निचरा. खोल चर काढायचे, क्षार पाण्यानं धुऊन त्या चरांतून बाहेर काढायचे. चोपण जमिनीत जिप्सम टाकायचं, म्हणजे कॅल्शियम परत येतो आणि सोडियम सुटा होऊन धुतला जातो. धैंचासारखं हिरवळीचं पीक घेऊन ते जमिनीत गाडायचं. आणि मुळात पाणी मोजून द्यायचं.

मग घोडं अडलं कुठं?

माती तपासायला सरकारनं पैसे दिले. केमिस्ट आला, नमुने गोळा झाले, कारण कळलं, पुस्तिकाही छापली. खर्चाचा हा भाग व्यवस्थित पार पडला.

पण चर कोण काढणार?

समजा एका शेतकऱ्यानं ठरवलं की आपल्या शेतात चर काढायचा. त्या चराचं पाणी ओढ्याला न्यायचं तर ते शेजाऱ्याच्या बांधावरून जाणार. शेजाऱ्याची जमीन अजून चांगली आहे, तो कशाला जागा देईल? शिवाय ज्याची जमीन पांढरी पडली, त्याचं उत्पन्नच गेलेलं. खर्च करायला त्याच्याकडं पैसा नाही. पाणी मुरतंय वरच्या शेतात आणि मीठ फुटतंय खालच्या शेतात. बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

इथं प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांचं काम संपतं. गावानं एकत्र बसून ठरवावं लागतं आणि त्यासाठी कुणीतरी पैसा घालावा लागतो. १९१६ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यानं सिंचनाच्या अशा प्रश्नांसाठी पुण्यात एक खास विभाग सुरू केला. दख्खनच्या कालव्यांवरच्या पाणथळ आणि खारवट जमिनींवर त्यानं पुढं बरंच काम केलं. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल संशोधन संस्था त्याच विभागातून वाढली.

केमिस्ट गावाचा हिशोब मांडायला बसले

पुण्यातल्या वर्षांत डॉ. मॅन यांनी रसायनशास्त्राचं बरंच काम लोकांच्या रोजच्या प्रश्नांवर केलं. दख्खनमधल्या विहिरींचं पाणी तपासलं. भातासाठी राब भाजण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला. पुण्याला मिळणारं दूध कसं आहे, हे पाहिलं. एस. आर. परांजपे यांच्यासोबत राजापूरच्या प्रसिद्ध गंगेचा, म्हणजे मध्येच प्रकट होणाऱ्या आणि मध्येच गायब होणाऱ्या झऱ्यांचा अभ्यास केला.

पण त्यांचं नाव कायमचं राहिलं ते वेगळ्याच कामामुळं.

चांगलं खत, चांगलं बियाणं, निचऱ्याचे उपाय सांगितले तरी शेतकरी ते करत का नाही? शेतकरी अडाणी आणि आळशी आहे, असं म्हणून हात झटकणारे साहेब तेव्हाही होते. डॉ. मॅन यांनी त्याऐवजी शेतकऱ्याच्या घरचा हिशोब मांडायचं ठरवलं.

त्यासाठी निवडलं पुण्याजवळचं पिंपळे सौदागर. हो, आज जिथं आयटीवाल्यांच्या सोसायट्या आहेत तेच. सोबतीला होते डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे आणि इतर सहकारी. शेती कॉलेजातली ही मंडळी घराघरात जाऊन जमीन, पीक, कर्ज आणि मजुरी यांची नोंद करत होती. १९१७ मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपानं आला.

त्यातले आकडे बघा. १७७१ मध्ये या गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. १०३ कुटुंबांपैकी फक्त ८ कुटुंबं शेतीच्या जिवावर नीट उभी होती. २८ कुटुंबांचं बाहेरच्या मजुरीमुळं कसंबसं भागत होतं. उरलेल्या ६७ कुटुंबांचं दोन्ही मिळूनही भागत नव्हतं.

म्हणजे तीनपैकी जवळपास दोन घरांमध्ये आवश्यक खर्चालाच पैसा पुरत नव्हता. तिथं खताची पिशवी किंवा चर काढायची मजुरी कुठून येणार?

याच कामाला जोडून जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचा अभ्यास १९२१ मध्ये आला. भारतातल्या गावांच्या अर्थव्यवस्थेच्या पाहणीची सुरुवात सांगताना ही दोन पुस्तकं आजही घेतली जातात. याच काळात विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्य समाजासाठी सुरू केलेल्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या पुण्यातल्या कामाशीही डॉ. मॅन जोडलेले होते.

जेवढे तुम्ही जमवाल, तेवढे सरकार देईल

पहिल्या महायुद्धानंतर डॉ. मॅन मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याचे संचालक झाले आणि १९२७ पर्यंत तिथं होते. याच काळात इलाख्यात तालुका विकास संघांची योजना आली.

योजना साधी होती. तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी आणि सहकारी सोसायट्यांनी मिळून संघ काढायचा, वर्गणी जमवायची. जेवढी रक्कम जमेल तेवढंच अनुदान सरकार देणार, पण वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये. त्या पैशातून सुधारित बियाणं, अवजारं, खतं यांची प्रात्यक्षिकं थेट शेतावर करायची.

गावापर्यंत पोचलेलं रसायनशास्त्र कसं असायचं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे मोरचूद. ज्वारीवर काणी रोग पडायचा, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी. पेरणीआधी बियाणं मोरचुदाच्या पाण्यातून काढलं की रोग आटोक्यात यायचा. शेतीखात्यानं मोरचुदाच्या छोट्या पुड्या गावोगावी पोचवल्या. खर्च अगदी किरकोळ, शेजाऱ्याची परवानगी नको, फरक त्याच हंगामात डोळ्यांना दिसायचा. शेतकऱ्यांनी ते उचललं.

खारवट जमिनीचं तसं नव्हतं. खर्च मोठा, फळ मिळायला वर्षं लागणार आणि दहा जणांची संमती हवी. पुडीसारखं ते वाटता येणारं नव्हतं.

बरोबरीच्या अनुदानातही एक मेख होती. ज्या तालुक्यात १,००० रुपये जमले त्याला १,००० मिळणार, जिथं २०० जमले तिथं २००. पिंपळे सौदागरच्या आकड्यांनी दाखवून दिलेलं होतं की गरज जिथं जास्त, तिथं वर्गणी द्यायला पैसा कमी. तरीही लोकांना भागीदार करून घेऊन, त्यांच्याच हातानं शास्त्र शेतात उतरवायला पैसे द्यायचे, ही कल्पना त्या काळात मोठी होती.

नंतर काय झालं?

१९२७ मध्ये डॉ. मॅन यांनी मुंबई इलाख्याची नोकरी सोडली. इंग्लंडला परतून १९२८ पासून ते वोबर्नच्या शेती प्रयोग केंद्रावर रुजू झाले आणि १९५६ पर्यंत, म्हणजे वयाची ऐंशी उलटून गेल्यावरही, तिथं काम करत राहिले. १९६१ मध्ये त्यांचं निधन झालं. डॅनियल थॉर्नर यांनी त्यांचे निवडक लेख संपादित केले आणि १९६७ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झालं.

इकडं भारतात १९२९ मध्ये शेती संशोधनाला अनुदान देणारी मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. तीच आजची आयसीएआर. तिचीच एक राष्ट्रीय संस्था २००९ मध्ये बारामती तालुक्यातल्या माळेगाव खुर्दला सुरू झाली. दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांना पिकं कशी तोंड देतील, यावर तिथं संशोधन होतं. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र माती-पाणी तपासून देतं. २०१५ पासून देशभर मृदा आरोग्य पत्रिकाही मिळायला लागली.

म्हणजे १९१० मध्ये जे एका केमिस्टला फिरून करावं लागलं, ते आज शेतकऱ्याला तालुक्यातच करून मिळतं. सामू किती, क्षारता किती, कागदावर छापून मिळतं.

तरीही कालव्याच्या कडेची खारवट शेतं पूर्ण गेलेली नाहीत. कारण कागद हातात आला तरी पुढचा प्रश्न जुनाच आहे. चर कुठून काढायचा, शेजारी जागा देईल का, उसाचं पाणी कमी करायला कोण तयार होईल आणि या सगळ्याचा खर्च कोण करणार?

माती तपासायला पैसा मिळवणं तुलनेनं सोपं असतं. नमुना घेतला, अहवाल दिला, काम संपलं. त्या अहवालाचा अर्थ गावाला समजावणं, दहा शेतकऱ्यांना एका चरासाठी राजी करणं आणि पुढची चार-पाच वर्षं त्यांच्यासोबत राहणं, यालाही पैसा लागतो. तो बजेटमध्ये धरलाच नाही, तर उत्तर माहीत असूनही जमीन पांढरीच राहते. डॉ. मॅन मातीचा नमुना घेऊन निघाले आणि शेतकऱ्याच्या घरच्या जमाखर्चापर्यंत पोचले. बारामती-इंदापूरच्या खारवट जमिनीसाठी आजही तेवढं अंतर चालावं लागणार आहे.