अब्राहम लिंकन यांची सुरुवातीची राजकीय कारकीर्द

अब्राहम लिंकन (१२ फेब्रुवारी १८०९ – १५ एप्रिल १८६५) हे अमेरिकेचे १६वे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या राजकीय जीवनाचा आरंभ इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीतील पराभवाने झाला. १८३२ साली, वयाच्या २३व्या वर्षी, संपत्ती, घराणे वा शिक्षण यांपैकी कशाचेही पाठबळ नसताना ते या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. १८३४ मध्ये ते निवडून आले व तेव्हापासून एकूण सलग चार वेळा विजयी होऊन आठ वर्षे सदस्य राहिले. मतदारांनी थेट निवडायच्या जागेसाठी लढवलेल्या निवडणुकांत १८३२चा पराभव हा त्यांचा एकमेव पराभव होय.

पूर्वायुष्य

लिंकन यांचा जन्म केंटकी राज्यात ओंडक्यांच्या झोपडीत झाला. वडील थॉमस हे शेतकरी व सुतार होते. १८१६ मध्ये कुटुंब इंडियाना येथे गेले. तेथे १८१८ साली आई नॅन्सी यांचे निधन झाले. सावत्र आई सारा यांनी मुलाची वाचनाची आवड जोपासली. शाळेत जाण्याचा त्यांचा एकूण काळ एक वर्षाहूनही कमी भरतो. १८३० मध्ये कुटुंब इलिनॉयमध्ये आले. पुढच्या वर्षी लिंकन घरापासून वेगळे होऊन सँगमन नदीकाठच्या न्यू सेलम या लहानशा वस्तीत राहू लागले आणि डेंटन ऑफट यांच्या दुकानात कारकुनी करू लागले.

१८३२ची उमेदवारी

सँगमन काउंटीतून राज्याच्या प्रतिनिधिगृहात चार सदस्य निवडून द्यायचे होते. लिंकन यांनी ९ मार्च १८३२ रोजी मतदारांना उद्देशून एक निवेदन लिहिले. ते स्प्रिंगफील्डच्या ‘सँगमो जर्नल’ या वृत्तपत्रात छापून आले. काउंटीतील शेतमाल बाजारपेठेपर्यंत नेण्याची सोय हा त्या काळचा कळीचा प्रश्न होता. रेल्वेमार्गाचा अंदाजित खर्च २,९०,००० डॉलर असल्याने तो काउंटीला झेपणारा नाही आणि त्याऐवजी नदीचे पात्र सुधारून ती नौकानयनास योग्य करावी, असे त्यांनी मांडले. भरमसाट व्याजाला आळा आणि शिक्षणाचा प्रसार हे मुद्देही निवेदनात होते. आपल्याला श्रीमंत वा वजनदार नातलग नाहीत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले होते. मतदारांनी नाकारले तरी निराशेची सवय असल्याने आपल्याला फारसे दुःख होणार नाही, अशा आशयाने निवेदनाचा शेवट होता.

नदीचा मुद्दा केवळ कागदावरचा नव्हता. त्याच वसंत ऋतूत ‘टॅलिस्मन’ नावाची आगबोट सँगमन नदीतून स्प्रिंगफील्डच्या जवळपर्यंत आली. पात्रावर झुकलेल्या फांद्या तोडण्याच्या आणि परतीच्या वाटेवर बोट हाकण्याच्या कामात लिंकन यांचा सहभाग होता. पाणी ओसरू लागल्याने बोटीला घाईने माघारी फिरावे लागले आणि नदीची मर्यादाही उघड झाली.

याच सुमारास ऑफट यांचे दुकान डबघाईला येऊन लिंकन यांचे उत्पन्न थांबले. एप्रिलमध्ये ब्लॅक हॉक युद्ध सुरू होताच ते स्वयंसेवक म्हणून दाखल झाले. तुकडीतील सहकाऱ्यांनी मतदानाने त्यांना कप्तान निवडले. प्रत्यक्ष लढाईत भाग घेण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. जुलैमध्ये सेवामुक्त झाल्यावर घोडा चोरीला गेल्याने परतीचा बराच प्रवास त्यांना पायी करावा लागला. प्रचारासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे उरले होते.

पराभव आणि त्याचा अर्थ

मतदान ६ ऑगस्ट १८३२ रोजी झाले. त्या काळी इलिनॉयमध्ये मतदार आपली पसंती अधिकाऱ्यांसमोर तोंडी जाहीर करीत. गुप्त मतदान नव्हते. १३ उमेदवारांत लिंकन आठव्या स्थानी राहिले. मात्र न्यू सेलमच्या मतदान केंद्रावर सुमारे ३०० पैकी २७७ मतदारांनी त्यांचे नाव घेतले. लिंकन हेन्री क्ले यांचे समर्थक होते. याउलट न्यू सेलम परिसराने त्याच वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत क्ले यांचे प्रतिस्पर्धी अँड्र्यू जॅक्सन यांना बहुमत दिले. म्हणजेच शेजाऱ्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून, सर्वांसमक्ष, ओळखीच्या माणसाला मत दिले होते. उर्वरित काउंटीत मात्र लिंकन अनोळखी होते. अल्प प्रचार आणि अपुरी ओळख ही त्यांच्या पराभवाची मुख्य कारणे मानली जातात.

१८३४चा विजय

पराभवानंतर लिंकन यांनी विल्यम बेरी यांच्या भागीदारीत उधारीवर दुकान घेतले. ते बुडाले आणि पुढे बेरी यांचे निधन झाल्याने सर्व कर्ज लिंकन यांच्यावर आले. ते फेडण्यास त्यांना अनेक वर्षे लागली. एका धनकोने दावा लावल्यावर त्यांचा घोडा व भूमापनाची उपकरणे लिलावात निघाली. जेम्स शॉर्ट या शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्यांना परत दिली.

मे १८३३ मध्ये ते न्यू सेलमचे पोस्टमास्तर झाले आणि त्याच वर्षी काउंटीचे उपभूमापकही झाले. राष्ट्राध्यक्ष व काउंटीचे मुख्य भूमापक हे दोघेही विरोधी राजकीय गटातील असताना ही कामे त्यांना मिळाली. टपाल व वर्तमानपत्रे पोचवताना आणि जमिनी मोजताना त्यांचा काउंटीभर वावर झाला. १८३२ मध्ये जी ओळख कमी पडली होती, ती अशी रोजच्या कामातून तयार झाली. ४ ऑगस्ट १८३४च्या निवडणुकीत जॅक्सन समर्थकांपैकीही अनेकांची मते मिळून ते दुसऱ्या क्रमांकाने विजयी झाले. राजधानी व्हँडेलिया येथे जाण्यासाठी त्यांनी कोलमन स्मूट या परिचिताकडून २०० डॉलर उसने घेतले आणि त्यांतून नवा पोशाख शिवून घेतला.

विधिमंडळातील कार्य

सहकारी सदस्य जॉन टॉड स्टुअर्ट यांच्या प्रोत्साहनाने लिंकन यांनी स्वतः कायद्याचा अभ्यास केला. १८३६ मध्ये त्यांना वकिलीचा परवाना मिळाला. त्याच वर्षी ते काउंटीत सर्वाधिक मतांनी निवडून आले. सँगमनचे दोन सिनेटर व सात प्रतिनिधी उंचीमुळे ‘लाँग नाइन’ म्हणून ओळखले जात. या गटाच्या प्रयत्नांतून फेब्रुवारी १८३७ मध्ये राजधानी स्प्रिंगफील्डला हलवण्याचा निर्णय झाला. लिंकन यांनी पाठिंबा दिलेली कालवे, रस्ते व रेल्वेमार्गांची प्रचंड योजना मात्र १८३७च्या आर्थिक मंदीत कोलमडली आणि राज्य कर्जबाजारी झाले.

जानेवारी १८३७ मध्ये प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. विरोधातील सहा जणांत लिंकन होते. ३ मार्च रोजी त्यांनी व डॅन स्टोन यांनी गुलामगिरी अन्यायावर आधारलेली असल्याचे निवेदन नोंदवले. त्याचबरोबर निर्मूलनवाद्यांच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम वाढतात, असेही त्यात म्हटले होते. त्यांची तत्कालीन भूमिका अशी सावध होती.

१८३८ व १८४० मध्ये व्हिग पक्षाने त्यांना सभापतिपदासाठी उभे केले, परंतु दोन्ही वेळा ते हरले. १८४०च्या निवडणुकीत काउंटीतून विजयी झालेल्या पाच जणांत त्यांचे स्थान शेवटचे होते. त्यानंतर त्यांनी ही निवडणूक काही काळ लढवली नाही.

उत्तरायुष्य

१८४७ ते १८४९ या काळात लिंकन अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते. १८५४ मध्ये ते पुन्हा राज्य विधिमंडळावर निवडून आले, पण सिनेटची उमेदवारी करता यावी म्हणून त्यांनी ती जागा सोडली. त्या काळी सिनेटरांची निवड राज्यांची विधिमंडळे करीत. १८५५ व १८५८ अशा दोन्ही प्रयत्नांत त्यांना यश आले नाही. १८६० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. यादवी युद्धाच्या काळात, १ जानेवारी १८६३ रोजी, त्यांनी मुक्तीचा जाहीरनामा लागू केला. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टन येथील फोर्ड नाट्यगृहात त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली व दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातील परिचय

अमेरिकेतील गुलामगिरीच्या उच्चाटनाची दखल महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत घेतली आहे. लिंकन यांनी मुलाच्या शिक्षकांना लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र मराठी शाळांत सुपरिचित आहे. मात्र लिंकन यांच्या संकलित लेखनात असे पत्र आढळत नाही.