चिंतामणराव देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म 1896 साली महाडजवळच्या नाते गावी झाला. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. इंग्लंड युद्धासाठी भारतातून माल घेई, पण त्याची किंमत लंडनमधील खात्यात नुसती मांडून ठेवी. राज्यकर्ताच आपला देणेकरी झाला! युद्ध संपेपर्यंत हे येणे हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले. 1944 साली अमेरिकेतील ब्रेटन वूड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला. देशमुख त्यात होते. परिषदेने मागणी मानली नाही.

येणे मागायचे तर हिशेब चोख हवा. देशमुखांच्याच काळात, 1945 साली, बँकेत संशोधन व सांख्यिकी विभाग सुरू झाला. जानेवारी 1947 पासून बँकेचे मासिक निघू लागले. बँका आणि व्यापार यांचे आकडे त्यात छापले जात.

1982 साली देशमुखांचे निधन झाले. ते मासिक आजही निघते.